कूळ, गायरान आणि क्रांती

शोषणावर उभी असलेली समाजरचना एका घावात मोडावी, की कायदे, निवडणुका आणि संघटना यांच्या बळावर ती टप्प्याटप्प्याने बदलत न्यावी, हा डाव्या राजकारणातील सर्वांत जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील सामाजिक लोकशाही पक्षात तो उघडपणे लढला गेला. एदुआर्द बर्नस्टाइन यांनी १८९९ साली असे मांडले की, भांडवलशाही कोसळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा कामगारांचे हक्क, मताधिकार आणि सहकार यांचा विस्तार करत राहणे हाच समाजवादाचा खरा मार्ग होय. या भूमिकेला पुढे ‘सुधारणावाद’ म्हटले गेले. रोझा लक्झेंबर्ग यांनी त्याच सुमारास दिलेले उत्तर असे होते की, सुधारणांसाठी लढणे आवश्यकच आहे, परंतु सत्ता पालटण्याचे ध्येय सोडून जो केवळ सुधारणा मागतो, तो त्याच मुक्कामावर उशिरा पोहोचतो असे नव्हे, तर त्याचा मुक्कामच बदललेला असतो.

मराठी वाचकाला या वादाचा परिचय बहुधा मुंबईच्या गिरण्या आणि श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे या कम्युनिस्ट नेत्यांच्या निमित्ताने झालेला असतो. त्याचा ग्रामीण अध्याय मात्र मराठवाड्यात घडला आणि तेथे प्रश्न पुस्तकातला न राहता थेट बांधावरचा झाला: जमीन कोण कसतो, ती कोणाच्या नावावर आहे आणि हे नाव बदलण्यासाठी बंदूक लागते, मतपेटी लागते की तलाठ्याची नोंदवही. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे बाजाराचे गाव ज्या पट्ट्यात आहे, त्या पट्ट्याने या वादातले बहुतेक सगळे टप्पे पाहिले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, नंतर हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. राज्ये आणि जिल्हे बदलत गेले, तरी जमिनीचा प्रश्न प्रत्येक नव्या हद्दीत जसाच्या तसा येऊन दाखल झाला.

पैनगंगेच्या दोन बाजू

कळमनुरी आणि हदगाव या तालुक्यांच्या बाजूने पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे उमरखेड, पुसद हा वऱ्हाडचा भाग सुरू होतो. संस्थानी काळात नदी ओलांडली की निजामाचा अंमल संपत असे, आणि म्हणूनच १९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या सीमेबाहेर जे सशस्त्र कॅम्प उभारले, त्यांपैकी काही या वऱ्हाडच्या बाजूला होते. करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी मोडणे, सरकारी दप्तरे जाळणे, निजामसमर्थक रझाकारांच्या टोळ्यांना अडवणे अशी कामे तेथून चालत. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी घातलेला छापा हा निजामाविरुद्धच्या या लढ्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग होय. वसमत भागात वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या लढ्यात प्राण दिले आणि वसमतचे महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ यांनी आरंभीच्या काळात कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले होते, तर त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ हे विचाराने मार्क्सवादी होते. त्यामुळे स्टेट काँग्रेसच्या आतच एक डावा प्रवाह होता आणि त्याला निजाम गेल्यावर जमिनीची फेरवाटणी व्हावी असे वाटत होते. त्याच वेळी संस्थानाच्या तेलुगू भागात, म्हणजे तेलंगणात, कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव सुरू झाला होता. वेठबिगार बंद करणे, देशमुखांच्या गढ्यांतील कर्जखते जाळणे आणि जमिनी वाटणे हा त्याचा कार्यक्रम होता. सुमारे तीन हजार गावांत आपला अंमल होता आणि दहा लाख एकर जमीन वाटली गेली, असा दावा पक्षाने पुढे केला.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील लष्करी कारवाईने, जिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले जाते, निजामाची सत्ता संपली आणि वादाचा खरा क्षण तेव्हा आला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झालेले रणदिवे यांची भूमिका अशी होती की मिळालेले स्वातंत्र्य खोटे आहे आणि उठाव देशभर पसरवला पाहिजे; म्हणून तेलंगणातील बंदूक खाली ठेवली गेली नाही आणि लढा आता भारतीय सैन्याशी सुरू झाला. मराठवाड्यात तसे झाले नाही. येथे लढ्याची सूत्रे काँग्रेसच्या हाती होती, निजाम हटवणे हेच बहुसंख्यांच्या लेखी लढ्याचे उद्दिष्ट होते आणि ते साध्य होताच कॅम्प बंद झाले. मात्र संघटित वर्गीय कार्यक्रमाच्या अभावी सत्ता कोसळल्यानंतरची पोकळी कशाने भरते, हेही याच महिन्यांत दिसले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने नोंदवल्याप्रमाणे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर भीषण हल्ले झाले, मालमत्ता आणि जमिनी बळकावल्या गेल्या. जमिनीची मालकी तेव्हाही बदलली. ती कसणाऱ्याच्या हक्काने बदलली नाही.

कायदा आला, कूळ गेले

तेलंगणातील उठावाचा एक परिणाम असा झाला की नव्या राज्यकर्त्यांना जमीनसुधारणा लांबणीवर टाकता आल्या नाहीत. निजामाची खाजगी मालमत्ता म्हणजे ‘सर्फ-ए-खास’ १९४९ च्या आरंभी सरकारजमा झाली, त्याच वर्षी जहागिरी रद्द करणारा हुकूम निघाला आणि १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ज्याने ठराविक काळात सलग सहा वर्षे दुसऱ्याची जमीन कसली आहे, त्याला या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ठरवले. म्हणजे मालकाला त्याला मनाला येईल तेव्हा काढता येणार नव्हते, खंडावर मर्यादा आली आणि जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क कुळाला मिळाला. १९५४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-ई त्याहून पुढचे होते, कारण त्यानुसार शासनाने अधिसूचना काढली की ठराविक मर्यादेतील जमिनीची मालकी संरक्षित कुळाकडे कायद्यानेच जाणार होती. देशातील तेव्हाच्या कूळकायद्यांत हा पुढारलेला कायदा गणला जातो. विनोबा भावे यांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे पहिले शंभर एकरांचे भूदान मिळाले, तेही याच उठावाच्या प्रदेशात.

कायद्याचे पुढे काय झाले हे अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबाद राज्यातील पाहणीत सापडते. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या शंभर कुळांपैकी चारच वर्षांनी सुमारे ४५ कुळे त्याच नात्याने जमीन कसत होती आणि सुमारे १२ कुळांनी ती विकत घेतली होती. कायदेशीर मार्गाने काढली गेलेली कुळे जेमतेम अडीच टक्के होती. बेकायदा हुसकावलेली २२ टक्के, आणि ज्यांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली अशी जवळपास १८ टक्के. मालक न्यायालयामार्फत कुळे काढतील, अशी कायदा करणाऱ्याला भीती होती. प्रत्यक्षात कुळे न्यायालयाबाहेरच गेली.

या ‘स्वखुशी’ची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कुळाने जमीन सोडायची तर ती लेखी द्यावी आणि तहसीलदारासमोर कबूल करावी, अशी कायद्याची अट होती. या कागदाला महसुली व्यवहारात ‘राजीनामा’ म्हणत. पण कुळाचे कर्ज मालकाकडे, बियाणे मालकाचे, पोरीच्या लग्नाची उचल मालकाची आणि तहसील कचेरीपर्यंत नेणारी बैलगाडीही मालकाचीच असे. अंगठा उमटला की कूळ सुटले. त्यानंतर तोच माणूस त्याच रानात बटईने किंवा सालगडी म्हणून राहू शकत असे. शेतातल्या आखाड्यावर बैल तेच, माणूस तोच, फक्त हक्क गेलेला. सातबारा रूढ होण्यापूर्वीच्या १९५४-५५ च्या ‘खासरा पाहणी पत्रका’त, म्हणजे शेताशेतावर जाऊन केलेल्या मालकी-वहिवाटीच्या नोंदीत, ज्याचे नाव आले त्याला आधार मिळाला, ज्याचे आले नाही, त्याच्या वारसांना आजही जमिनीचा दावा उभा करताना सर्वांत आधी याच पत्रकाची नक्कल काढावी लागते.

बंदुकीकडून मतपेटीकडे

कम्युनिस्ट पक्षाने ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणातील सशस्त्र लढा मागे घेतला. रणदिवे यांची भूमिका त्याआधीच पक्षाने सोडली होती आणि डांगे, अजय घोष, राजेश्वर राव व बसवपुन्नय्या यांचे शिष्टमंडळ मॉस्कोला जाऊन स्टालिन यांच्याशी चर्चा करून आले होते. पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्याने त्याने ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने १९५२ ची निवडणूक लढवली आणि १७५ जणांच्या विधानसभेत ४२ जागा मिळवल्या, मराठीभाषक व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले. शेतकरी कामगार पक्षाचे दहा आमदार आले आणि परभणी लोकसभा मतदारसंघातून याच पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून गेले. कालपर्यंत भूमिगत असलेली माणसे आता कूळकायद्याच्या कलमांवर दुरुस्त्या सुचवत होती, आणि १९५४ ची दुरुस्ती ज्या सभागृहात झाली तेथे विरोधी बाकांवर हे लोक बसलेले होते.

शेतकरी कामगार पक्षाचा प्रवास या वादाचे मराठी रूप दाखवतो. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी हा पक्ष उभा केला आणि १९५० मध्ये दाभाडी येथील अधिवेशनात त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध संमत केला. भाषा क्रांतीची होती, पण पक्षाचा पाया मध्यम शेतकऱ्याचा होता आणि जेधे, मोरे स्वतः पुढे काँग्रेसमध्ये परतले. जे उरले त्यांनी विधिमंडळ हेच रणक्षेत्र मानले. मराठवाड्यात उद्धवराव पाटील, केशवराव धोंडगे, अण्णासाहेब गव्हाणे यांनी पाणी, लेव्ही, शेतमालाचे भाव, दुष्काळ असे प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर दोन्हीकडे लावून धरले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, ज्यांनी १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी अंमलाला समांतर सत्ता चालवली होती, ते १९६७ मध्ये मराठवाड्यातील बीड मतदारसंघातून कम्युनिस्ट खासदार झाले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये परभणी, नांदेड आणि लातूर येथून शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख, केशवराव धोंडगे व उद्धवराव पाटील, तर बीडमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. लाल झेंड्याला मराठवाड्यात इतके यश त्यानंतर कधीही मिळाले नाही.

गोविंदभाई श्रॉफ यांनी निवडला तो मार्ग आणखी वेगळा होता. काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर या मार्क्सवादी नेत्याने आयुष्याचा मोठा भाग रुंदमापी रेल्वे, शिक्षणसंस्था, सिंचनाचा अनुशेष आणि घटनेच्या कलम ३७१(२) खालील वैधानिक विकास मंडळ यांसाठी खर्च केला. हे मंडळ १९९४ मध्ये अस्तित्वात आले. ही ध्येयच्युती होती असे म्हणणारे तेव्हाही होते. तथापि प्रदेशाच्या मागासलेपणाचा हिशेब आकड्यांत मांडून तो राज्याकडून वसूल करण्याची जी भाषा मराठवाड्यात रुजली, तिच्यामागे हे काम आहे.

ज्याला कूळ होण्याइतकीही जमीन नव्हती

क्रांती असो वा सुधारणा, दोन्ही वाटांवर ज्याचा विचार शेवटी झाला तो भूमिहीन दलित होता. कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. परंतु महारकी आणि मजुरीवर जगणाऱ्याच्या नावे कसण्याचीही नोंद नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन गावकऱ्यांना जातिधर्माचा भेद न करता सामूहिक कसण्यासाठी द्यावी आणि ही रचना राज्यघटनेतच लिहावी, अशी मागणी केली होती. मुळाला हात घालणारे ध्येय आणि घटनात्मक साधन यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. घटनेत ते आले नाही. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडण्याचा आग्रह धरला.

त्यांच्या अनुयायांनी गावची गुरेचराईची सामाईक जमीन, म्हणजे गायरान, हा लढ्याचा विषय केला. १९५३ च्या सुमारास मराठवाड्यात पडीक व गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाले, १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या लढ्यात कम्युनिस्टही उतरले आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनच्या देशव्यापी सत्याग्रहात लाखोंनी अटक करून घेतली. यात क्रांतीचे आणि सुधारणेचे अंग वेगळे काढता येत नाही: जमिनीवर नांगर घालणे हा कायदेभंग होता आणि मागणी होती ती पट्ट्याची, म्हणजे सरकारी शिक्क्याच्या कागदाची.

लाल झेंड्याचे अपयश येथेच उघडे पडले. ज्या मध्यम शेतकऱ्याच्या बळावर डाव्या पक्षांनी १९७७ च्या जागा जिंकल्या, त्याच्याच बांधाला लागून गायरान होते आणि त्यावर कालचा मजूर पेरणी करू लागला की या शेतकऱ्याला स्वस्त मजूर आणि चराई दोन्ही गमवावे लागत होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, आणि नामांतराचा प्रश्न १४ जानेवारी १९९४ पर्यंत लांबला. वर्ग आधी की जात आधी, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देत बसलेल्या पक्षांच्या पायाखालची जमीन त्या दोन दशकांत सरकली. १९८० नंतर शेतकरी संघटना आणि मग शिवसेना यांनी ती व्यापली.

गायरानधारकाच्या हक्काची प्रक्रिया जवळून पाहिली तर सुधारणा म्हणजे काय याचा नेमका अर्थ लागतो. कुटुंब झुडपे तोडून जमीन वहितीखाली आणते, तेव्हा तलाठी तिची नोंद गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, करतो. पंचनामा होतो आणि दंड बसतो. हा दंड शिक्षा म्हणून असतो, पण त्याची पावती हाच पुढे वहिवाटीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, म्हणून भूमिहीनांच्या संघटना दंड भरायला आणि पावती जपून ठेवायला शिकवतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागास भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद केली. नियमानुकूल झालेली जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदली जाते, म्हणजे ती परवानगीशिवाय विकता येत नाही, परंतु सातबाऱ्यावर नाव लागते; आणि नाव लागल्याशिवाय ना पीककर्ज मिळते, ना पीकविमा, ना अतिवृष्टीचे अनुदान. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा निर्णय गावोगावी नेऊन कुटुंबे संघटित केली. जेथे अशी संघटना होती तेथे नोंदी झाल्या. जेथे नव्हती तेथे निर्णय तालुक्याच्या फायलीतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध दिलेला निकाल आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या दखलीनंतर राज्यात निघालेल्या नोटिसा यांमुळे, ज्यांच्या नोंदी राहून गेल्या त्यांच्यावर हुसकावले जाण्याची टांगती तलवार पुन्हा आली आहे.

कामाचा हक्क, वनाचा हक्क

१९७२-७३ चा दुष्काळ हा या वादातील आणखी एक टप्पा होय. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणाऱ्या, नालाबांध आणि पाझर तलाव खोदणाऱ्या या मजुरांना डाव्या पक्षांनी आणि लाल निशाणसारख्या गटांनी संघटित केले. मस्टरवरची हजेरी, वेळेवर मजुरी, सुकडी आणि काम संपल्यावर पुढचे काम या मागण्यांसाठी मोर्चे निघाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागेल त्याला काम हा हक्क देशात प्रथमच कायद्यात आला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचा आधार मिळाला. योजनेने मालकी बदलली नाही. तरी गावात पर्यायी मजुरी उपलब्ध झाली की सालगड्याला मालकाशी भाव बोलता येतो, हे तिने दाखवून दिले.

कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यासारख्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, हक्क मागण्याचा मार्ग दिला. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे आहे. या दाव्यांच्या रखडलेल्या निकालांसाठी मार्च २०१८ मध्ये किसान सभेचे हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आले आणि लेखी आश्वासन घेऊन परतले. लाल टोप्या, क्रांतीच्या घोषणा आणि हातात वनदाव्याची झेरॉक्स, असा तो मोर्चा होता.

हिशेब

फ्रेंच विचारवंत आंद्रे गोर्झ यांनी १९६४ मध्ये सुधारणांचे दोन प्रकार सांगितले: एक, ज्या व्यवस्थेला सोयीच्या मर्यादेतच राहतात, दुसरा, ज्या मिळवताना आणि राबवताना लोकांचे स्वतःचे बळ वाढते. मराठवाड्याचा अनुभव या भेदाला दुजोरा देतो, पण त्यात एक भरही घालतो. एकच कायदा गावागणिक या दोन्हींपैकी कोणताही प्रकार ठरू शकतो आणि तो कोणता ठरणार, हे कलमांच्या शब्दांपेक्षा गावात संघटना आहे की नाही यावर अवलंबून असते. कूळकायदा तेलंगणाच्या उठावाच्या धाकाने आला, म्हणून क्रांतिकारकांना निष्फळ ठरवता येत नाही. तो कायदा राबवणारी संघटना मराठवाड्याच्या बहुसंख्य गावांत नव्हती, म्हणून शंभरातली चाळीस कुळे हुसकावून किंवा अंगठे घेऊन घालवता आली, आणि याची जबाबदारी केवळ कायदा करणाऱ्या काँग्रेसवर टाकून डाव्यांना मोकळे होता येत नाही.

आज आखाडा बाळापूरच्या परिसरात हळद, सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यापुढे भाव, पाणी आणि कर्ज यांचे प्रश्न आहेत, तर भूमिहीनापुढे अजूनही नोंदीचा. या दोघांना एका मांडवाखाली आणणारा पक्ष मराठवाड्यात उरलेला नाही आणि तो घडेपर्यंत क्रांती की सुधारणा हा प्रश्न सभागृहातल्या भाषणापुरताच राहील. डाव्या कार्यकर्त्याची खरी परीक्षा मात्र सोपी आहे व ती कोणत्याही तालुक्यात घेता येते: गेल्या वर्षात गावातील किती जणांचे नाव कागदावर लागले आणि लागलेले नाव टिकवण्यासाठी किती जण एकत्र उभे राहिले. या दोनपैकी एकच आकडा सांगता येत असेल, तर काम अर्धेच झाले आहे.